भाऊजींची सुट्टी आणि शेऱ्याचा रकाना

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका सरळ माणूस आमच्या मुलखात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका वाकड्या वाटेनं जाणाराही दुसरा नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाला कशी लागू पडतात ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून लिहून पाहते. आमचं गाव जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडं. गावामागं एक मोठं चिबड आहे. बारा महिने गुडघाभर पाणी, कमळं, लव्हाळा आणि पाण्यात बसलेल्या म्हशी. सरकारी दफ्तरात त्याला शिकम जमीन म्हणतात, गावात चिबड म्हणतात आणि भाऊजी त्याला पाणथळ म्हणतात. अक्काच्या घरामागून बांधाबांधानं गेलं तर तिथं पोचायला वीस मिनिटं लागतात. भाऊजी दर संक्रांतीला पाच दिवस सुट्टी घालवायला तिथं जातात आणि त्यांना पोचायला सकाळची दुपार होते. ते आधी बसनं जैनथला जातात, तिथून आदिलाबादला. बसस्टँडवर चहा पितात, पेपर घेतात, मोठा प्रवास करून थकल्यासारखं बाकावर टेकतात, मग दुसऱ्या बसनं जैनथला परत आणि तिथून ऑटोनं चिबडाच्या पलीकडच्या काठाला. "घरामागून गेलं तर त्याले सुट्टी म्हणतेत का? त्याले परसाकडं जाणं म्हणतेत," असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी मी त्या ऑटोतून उतरले आणि समोर पाण्यापलीकडं अक्काच्या दारातला कडुनिंब दिसला. मला वाटलं, रस्ता चुकला. मी तसं हळूच म्हटलंही. अक्का म्हणाली, "रस्ता नाई चुकला, माणूस चुकला."

भाऊजी मंडल कार्यालयात कारकून होते. तीस वर्षं लोकांच्या जमिनी, वारस, फेरफार लिहून लिहून त्यांचा देहच एखाद्या दफ्तरासारखा झाला होता. उंच, सडसडीत, कडांना थोडा पिवळा. बोलणंही तसंच. घरी भाजीत मीठ जास्त झालं तर ते "खारट झाली" म्हणत नसत, "मिठाबद्दल तक्रार दाखल करून घ्या" म्हणत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी संक्रांत जवळ आली की ते कोऱ्या कागदावर रजेचा अर्ज लिहितात. अर्जदारास पाच दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी ही विनंती. आणि तो अर्ज अक्कापुढं ठेवतात. अक्काला अक्षरओळख नाही. ती तूर पाखडत असते, सूप न थांबवता म्हणते, "जा बापा." भाऊजी ओशाळत नाहीत, कागदाच्या कोपऱ्यात 'तोंडी मंजूर' असं लिहून तो ट्रंकेत ठेवतात. मी एकदा विचारलं होतं की निवृत्त माणसाला रजा कशाला लागते. ते म्हणाले, "लहाने, रजा नसली तर मग माणूस नुसता निघून गेला असं होते."

मी त्यांच्यासोबत कशी जायला लागले तेही मला नक्की सांगता येणार नाही. माझे मालक हैदराबादकडं कामाला, लेक सासरी, कापसाची वेचणी संपली की मला घर खायला उठतं. अक्काचे गुडघे दुखतात, तिला चुलीपाशी हाताखाली कुणीतरी हवं होतं. मी चार माणसांत न बोलणारी, चौथीपर्यंत शिकलेली, कुणी "चल" म्हटलं की उठणारी. तशी उठले. वाटलं, पाहुण्यांकडं जायचं असेल.

पाण्याकाठच्या शेतात गवतानं शाकारलेली एक खोपडी आहे, तिथं आमचा मुक्काम. पहिल्याच संध्याकाळी भाऊजींनी आम्हाला नियम वाचून दाखवले. लाल लुगडं चालणार नाही, पाखरं बिचकतात. अक्कानं ट्रॅक्टरवरच्या ताडपत्रीच्या रंगाचं एक पातळ त्यासाठी वेगळं ठेवलं आहे, ते नेसली की ती म्हणते, "झाकून ठेवा मले, पाऊस येऊन राह्यला." हातातली काकणं वाजू नयेत म्हणून त्यांवर रुमाल बांधायचा. आम्ही दोघी बहिणी हात मोडल्यासारख्या फिरायचो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे फोडणी द्यायची नाही. तेलात मोहरी तडतडली की लव्हाळ्यातली बदकं उठतात असं त्यांचं ठाम मत होतं. पाच दिवस बिनफोडणीचं वरण आणि भाकर. फोडणीशिवाय वरण म्हणजे काय असतं ते ज्यानं खाल्लं त्यालाच कळेल. चौथ्या दिवशी मला स्वप्नात हिंग दिसला.

सुट्टीत आपण परगावी आहोत, तेव्हा गावच्या माणसाला ओळख द्यायची नाही, हाही एक नियम. आता चिबडावर येणार कोण, तर आमच्याच गल्लीतला म्हशीवाला. रोजचा राम राम करणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यानं लांबून हाक मारली तर भाऊजींनी तोंड फिरवलं. तो घाबरला, त्याला वाटलं आपल्या हातून काही चूक झाली. दुसऱ्या दिवशी अक्कानं त्याला खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून तो दरवर्षी म्हशी पाण्यात घातल्या की काठी टेकून उभा राहतो आणि गंभीर तोंडानं विचारतो, "पाव्हणे, कोण्या गावचे?" भाऊजीही तितक्याच गंभीरपणे आमच्याच गावचं नाव सांगतात. "अरे वा," म्हशीवाला म्हणतो, "तिकडं आमची सोयरीक हाय. तिथं एक निवृत्त कारकून राहते म्हणे, थोडा सटकेल हाय." भाऊजी म्हणतात, "ऐकून हाव." अक्काही नियम पाळत नसे. तिची शेळी घरी. ती रोज सकाळ-संध्याकाळ बांधानं चालत जाऊन दूध काढून यायची आणि भाऊजी ती कुठं गेली ते कधी विचारत नसत. फक्त चहात दूध आलं की म्हणत, "परगावचं दूध चांगलं हाय."

आता पाखरांची गोष्ट. भाऊजींकडं एक दुर्बीण होती, आदिलाबादच्या जुन्या बाजारातली. तिची एक नळी आंधळी, दुसरीत कोपऱ्यात बुरशी. तिच्यातून ते पाखरं पाहायचे आणि रजिस्टरात लिहायचे. कचेरीतलं असतं तसंच लांबट, लाल कापडी पाठीचं रजिस्टर. त्यात रकाने आखलेले. तारीख, वेळ, ठिकाण, पाखराचं नाव, संख्या, पंचाची सही आणि शेवटी शेरा. पंचाशिवाय नोंद होत नसे. एकट्यानं पाहिलेलं ते पाहिलेलं नव्हे, हा त्यांचा कायदा. जमिनीचा पंचनामा असो की बदकाचा, लिहिणारा एक आणि साक्षीला दुसरा. अक्का सही करू शकत नव्हती आणि अंगठा लावायला तयार नव्हती, म्हणाली की बदकापायी बोटाला शाई लावणार नाही. मग मी उरले. मी बोट पुढं केलं तर भाऊजींना राग आला. राग आला की ते शहरी बोलत. "चौथीपर्यंत शाळेत गेलीस ती अंगठा लावायला? सही कर." मी शाळा सोडल्यापासून नाव लिहिलं नव्हतं. पेन धरून अक्षर अक्षर आठवत मी सही करेपर्यंत पाण्यावरची, ज्यांची नोंद चालली होती ती तीन चक्रवाकं उडून पलीकडच्या काठाला गेली. "जाऊ द्या," भाऊजी म्हणाले, "पंचानं घाई करू नये. सही म्हणजे माणसाची जबान असते." एरवी मला "तू" म्हणणारे भाऊजी रजिस्टर उघडलं की "तुमी" म्हणायचे. "पंचबाई, तुमी पाहिलं?" असं विचारायचे. मी लाजेनं मान हलवायचे आणि सही करायचे.

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मला त्या दुर्बिणीतून काहीच दिसलं नाही. काळं गवत हलल्यासारखं काहीतरी दिसायचं. मला वाटायचं, तेच पाखरू असावं. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, हे पाखरू डोळा मिटला की हलते." त्यांनी दुर्बीण काढून घेतली, माझ्याकडं पाहिलं आणि मला कळलं की दोन वर्षं मी माझ्याच पापण्या पाहत होते. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी त्या दोन वर्षांची पानं उघडली आणि जिथं दुर्बिणीतून पाहिल्याची नोंद होती तिथं तिथं शेऱ्यात लिहिलं, 'पंचास दुर्बीण धरता येत नव्हती. चूक लिहिणाऱ्याची.' मग मला नळी कशी धरायची ते शिकवलं, आणि मी पहिल्यांदा कमळाच्या पानावरून चालणारा कमळपक्षी पाहिला. लांब लांब बोटांचा, पान बुडू न देता चाललेला. पाहताना मी श्वास घ्यायचं विसरले. असं काही रोज आमच्या म्हशींच्या शेजारी चालत होतं आणि मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं, याचा मला आनंद झाला की वाईट वाटलं ते तेव्हाही कळलं नाही.

भाऊजी हे सगळं कशासाठी करतात तेही मला उशिरा कळलं, आणि तेही अक्काकडून. त्यांचे वडील लहानपणीच गेले. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची आणि पोराला चिबडाच्या काठावर बसवून ठेवायची. एका दुपारी भाकर खाता खाता तिनं त्यांना पाण्यात उभी असलेली सारसांची जोडी दाखवली. माणसाएवढी उंच, लाल मानेची. म्हणाली, नवराबायको आहेत, बोलतात तेही दोघं मिळून. एक मेलं तर दुसरं जेवत नाही. मग थोडं थांबून म्हणाली, "मले जेवावं लागते, बापा. तुझ्यापायी." त्यानंतर सारस चिबडावर कुणी पाहिले नाहीत. भाऊजी शिकले, कारकून झाले, चिबडाच्या जमिनीचे कागद त्यांच्या हाताखालून गेले, पण त्या कागदांत सारसांचा कुठं उल्लेख नव्हता. "कोणी लिहूनच ठेवलं नाई," ते अक्काला म्हणाले होते, "मंग होते का नव्हते, कसं सांगावं?" अकरा संक्रांती त्यांनी त्या काठावर काढल्या त्या एवढ्या एका नोंदीसाठी. बाकीची पाखरं वाट पाहता पाहता लिहिलेली.

आणि ज्या सकाळी सारस आले म्हणतात, त्या सकाळी मी फोडणी देत होते. अक्का शेळीकडं गेलेली. दाट धुकं होतं, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. भाऊजी काठावर बसलेले. पाचवा दिवस होता आणि मला ते पांढरं वरण आता बघवेना. मी बाभळीआड तीन दगड मांडले, चिमूटभर मोहरी, चार लसणाच्या पाकळ्या. मोहरी तडतडली आणि त्याच वेळी भाऊजींची दबकी हाक आली. मी कढई तशीच टाकून पळत गेले. ते उभे होते, हात पुढं केलेला. त्यांच्या तोंडाकडं पाहून मी थांबलेच. सत्तरीच्या आसपासचा माणूस, पण तोंडावर सात वर्षांचं पोर बसलेलं. मी हाताच्या रोखानं पाहिलं. धुकं होतं. लव्हाळा हलत होता. डोळ्यांत अजून धूर होता, मी पदरानं पुसून पुन्हा पाहिलं. धुकंच होतं. भाऊजींनी काही विचारलं नाही. मांडीवर रजिस्टर उघडून त्यांनी हळूहळू लिहिलं. सारस. दोन. आणि रजिस्टर माझ्यापुढं धरलं. मी "नाई दिसले" म्हणायला पाहिजे होतं. पण तसं म्हटलं तर कुठं होतीस हे सांगावं लागलं असतं. मनात दुसरंच काहीतरी फिरत होतं. माझ्या मोहरीनंच तर ते उडाले नसतील? अकरा वर्षं ज्यांची वाट पाहिली ते सारस मी चार पाकळ्या लसणापायी उडवले? आणि वर त्या माणसाला आता "नाही" म्हणू? मी सही केली. अक्षर चांगलं आलं होतं, तेवढ्यात तेही दिसलं. त्या दिवशीचं वरण भाऊजींनी दोनदा मागून घेतलं आणि फोडणीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, आनंदात कळलं नसेल.

भाऊजींनी त्या पानाची झेरॉक्स नक्कल काढून जंगलखात्याला पाठवली, आणि पंधरा दिवसांनी एक जीप अक्काच्या दारात उभी राहिली. एक तरुण अधिकारी बाई आली होती. खाकी कपडे, तेलुगू बोलणारी, आमच्याशी हिंदीत. तिच्या हातात भाऊजींची नक्कल होती. ती म्हणाली, इकडं खूप वर्षांत सारसांची नोंद नाही, खरी असेल तर वर कळवावं लागेल, काठावर फलक लावता येईल, पाहणीला माणसं येतील. हे ऐकताना भाऊजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. जीप पाहून गाव गोळा झालं. म्हशीवाला पुढं. अक्कानं चहा ठेवला आणि मला ओढून पुढं बसवलं, कारण बाईनं पंच कोण ते विचारलं होतं. इतक्या माणसांसमोर मी आयुष्यात बसले नव्हते. बाईनं कागदावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि अगदी मायेनं विचारलं, "आपने देखा था?"

पंधरा दिवस मी या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं. उत्तर "जी" असं होतं. एकच अक्षर. त्यानं फलक लागला असता, भाऊजींच्या आईची गोष्ट कागदावर आली असती, कुणाचं काही वाईट झालं नसतं. मी भाऊजींकडं पाहिलं. ते माझ्याकडं पाहत नव्हते, कडुनिंबाकडं पाहत होते. बाईच्या बोटाखाली माझी सही होती. एवढ्या वर्षांत माझी सही दुसऱ्या कुणी मागितली नव्हती. कुणी ती नीट पाहिलीही नव्हती. मी म्हटलं, "मले नाई दिसले." आवाज इतका बारीक होता की म्हशीवाल्यानं "काय म्हने?" विचारलं आणि मला तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "मले नाई दिसले. मी फोडणी देऊन राह्यली होती."

अक्का चहाची किटली घेऊन तशीच उभी. मला वाटलं, आता या घरात मला पाणी मिळणार नाही. भाऊजी आत गेले. मला रडू फुटणार तोच ते रजिस्टर घेऊन बाहेर आले, पान काढून त्यांनी बाईसमोर धरलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. 'पंच त्या वेळी बाभळीआड फोडणी देत होती. मोहरीचा आवाज लिहिणाऱ्याने ऐकला. पंचास पक्षी दिसला नसावा. सही भिडेखातर.' खाली तीच तारीख. बाईनं घाईनं आपल्या हातातली नक्कल पाहिली. तिच्यातही शेवटच्या रकान्यात तेच लिहिलेलं होतं. ती ओशाळून म्हणाली की सारस आणि दोन एवढं कळलं, पण हा रकाना सगळा मराठीत होता, आम्हाला वाटलं, पत्ता असेल. म्हशीवाला सगळ्यात आधी हसला, मग अंगणच हसलं. भाऊजी हसले नाहीत. ते गावाकडं वळून म्हणाले, "आता या पंचबाईची सही आदिलाबाद जिल्ह्यात कोण्याबी कचेरीत चालंल." आणि आत निघून गेले. बाईनं आपल्या कागदावर 'खात्री नाही' असं काहीतरी लिहिलं, चहा प्यायली आणि गेली. फलक लागला नाही.

त्या संध्याकाळी भाऊजी पहिल्यांदाच घरामागच्या बांधानं, सरळ वाटेनं चिबडाकडं गेले. अक्कानं मला मागून पाठवलं. ते काठावर बसले होते. मी जरा लांब बसले. मी विचारलं, "तुमाले माहीत होतं, तर मंग सही काऊन करू दिली?" ते म्हणाले, "मी सही मागितली नव्हती, लहाने. रजिस्टर पुढं धरलं होतं. तू नाई म्हणशील म्हणून वाट पाहून राह्यलो होतो." मग म्हणाले, "आज म्हटलंस. उशीर झाला, पण दाखल झालं." मला विचारायचं होतं की सारस खरंच आले होते का, की धुक्यात तुम्हाला आई दिसली. ते विचारायचं धाडस झालं नाही. माझ्या मोहरीनं ते उडाले का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "तेबी खात्री नाई." पण तेव्हापासून फोडणीवरची बंदी उठली. त्याचं कारण मला कुणी सांगितलं नाही.

गेल्या दोन वर्षांत भाऊजींच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून राखायची. कडुनिंब आहे एवढं त्यांना कळतं, पानं दिसत नाहीत. अक्काला वाटलं, आता सुट्टी बंद होईल. पण यंदाही अर्ज आला. ओळी एकमेकींवर चढलेल्या, अक्काला वाचून मीच दाखवला, आणि 'तोंडी मंजूर' मीच लिहिलं. जैनथला उतरलो आणि आदिलाबादच्या बसमध्ये मी त्यांचा हात धरून चढले. बसस्टँडवर त्यांनी पेपर घेतला आणि मांडीवर ठेवला. चिबडावर म्हशीवाल्यानं कोण्या गावचे म्हणून विचारलं, पण त्या निवृत्त कारकुनाचं पुढं काही बोलला नाही. तिकडं भात चांगला पिकला का, एवढंच विचारून म्हशी घेऊन गेला.

रजिस्टर आता मी लिहिते. पाहणारी मी आणि पंच भाऊजी. कायदा तोच, एकट्यानं पाहिलेलं ते पाहिलेलं नव्हे. मी सांगते, "भाऊजी, टिटव्या, चार." ते म्हणतात, "ऐकल्या," आणि सही करतात. मी सांगते, "कमळपक्षी, एक." त्याचा आवाज आला नाही तर ते विचारतात, "पान बुडलं?" मी म्हणते, "नाई." मग सही करतात. मी एकदा म्हटलं की तुम्हाला दिसत नाही, मग ही साक्ष कायद्यात बसते का. ते म्हणाले, "पंचानं पाखरू पाहावं असं कुठं हाय? लिहिणाऱ्यावर भरवसा हाय का, ते पाहावं." रोज संध्याकाळी ते एकच प्रश्न विचारतात. "आले का?" मी नाही म्हणते. एकदा "हो" म्हटलं तर त्यांना ते कधी खोटं ठरवता येणार नाही, आणि म्हाताऱ्याचा तो सात वर्षांचा चेहरा मला आणखी एकदा पाहायला मिळेल. हे रोज माझ्या जिभेवर येतं. पण मला आता "हो" म्हणता येत नाही. त्यांनीच तशी सोय करून ठेवली आहे.

यंदाच्या पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच धुकं होतं. अक्का शेळीकडं गेलेली. चूल अजून पेटवलीच नव्हती. लव्हाळ्यापलीकडं मला काहीतरी उंच दिसलं. दोन होते. लव्हाळा कापणारी माणसं असतील, बाभळीचे खुंट असतील, आणखी काही असेल. मी दुर्बीण लावली, नीट धरून लावली, पापणी आड येऊ दिली नाही. धुकं सरकेना. भाऊजींना माझा श्वास कळला असावा. "काय?" ते म्हणाले.

"दोन हायत. उंच हायत. मले कळून नाई राह्यलं, भाऊजी."

त्यांनी त्या बाजूला तोंड केलं आणि कान दिला. आम्ही किती वेळ तसे बसलो ठाऊक नाही. दोघं मिळून बोलतात, असं त्यांची आई म्हणाली होती. कुणी बोललं नाही. धुकं निवळलं तेव्हा तिथं पाणीच होतं.

"बोलले नाईत," भाऊजी म्हणाले.

"नाई बोलले."

"तसंच लिही."

मी लिहिलं. दोन. उंच. ओळख पटली नाही. मग पेन त्यांच्या हातात दिलं आणि पंचाच्या रकान्यावर त्यांचं बोट टेकवलं. त्यांनी सावकाश सही केली. सहीची सुरुवात जागेवर झाली, पण पुढं अक्षरं रेघ ओलांडून शेऱ्याच्या रकान्यात गेली आणि तो सगळा भरून टाकला. मला तिथं काही लिहायचं होतं, काय ते आता आठवत नाही. मी ते पान वाळू दिलं, रजिस्टर मिटलं आणि चूल पेटवली. भाऊजींनी विचारलं, "मोहरी आणली का?" मी म्हटलं, आणली.